स्वस्थ बसू न देणारे आसन

१९९१ साली विल्कहान या जर्मनीतल्या नामवंत खुर्ची-कारखान्याने एक वेगळीच वस्तू बाजारात आणली. खुर्ची म्हणावे तर तिला पाठ नव्हती, हात नव्हते, चाके नव्हती. स्टूल म्हणावे तर ती जमिनीवर स्थिरही राहत नव्हती. खाली जड, गोलसर बुडाचा पाया, त्यातून वर आलेला दांडा आणि टोकाला छोटे आसन, एवढाच तिचा संसार. उंची कमीजास्त करता येते. पण त्यावर अंग टाकून बसायचे नाही. पाय जमिनीवर रोवायचे आणि नुसते टेकायचे. माणूस पुढे झुकला की आसनही झुकते, तो वळला की तेही वळते. ‘श्टिट्स’ असे नाव ठेवलेली ही वस्तू डिझायनर निक रोरिश्ट यांच्या कार्यालयाची निर्मिती होती.

अनेक दशके खुर्च्या करून पोट भरणाऱ्या कारखान्याने खुर्चीतून उठायला लावणारी वस्तू विकायला काढावी, हे धाडसाचे होते. ते एका दिवसात सुचलेले नव्हते. त्यामागे रोरिश्ट यांची तीन दशकांहून अधिक काळाची कारकीर्द होती. आसनाचा आकार ठरवण्याआधी बसणाऱ्याचे काय होते, दिवसभर तो काय काय करतो, उठतो कधी, टेकतो कुठे, हे बघायची सवय त्या कारकिर्दीने लावली होती. विसाव्या शतकातल्या जर्मन ऑफिस-फर्निचरचा इतिहास लिहिताना बहुतेक वेळा पोलादी नळ्या आणि कातडी गाद्यांच्या देखण्या नमुन्यांचीच छायाचित्रे छापली जातात. खरे मोलाचे काम मात्र बसणाऱ्याकडे आधी पाहणाऱ्या माणसांनी केले आहे, आणि त्यांत रोरिश्ट यांचे नाव अग्रभागी आहे.

कचेरीतल्या खुर्चीचा जर्मनीतला प्रवास त्यांच्या आधी बराच झाला होता. स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या वाल्ड्सहूट गावात आल्बेर्ट श्टोल यांच्या कारखान्याने १९२६ साली स्प्रिंगवर तोललेली फिरती खुर्ची बनवली. तोपर्यंत कारकुनाची खुर्ची म्हणजे चार पायांचे लाकूड. टायपिस्ट मुलींची संख्या वाढली, एकाच जागी सात-आठ तास बोटे चालवण्याचे काम जन्माला आले, आणि आसन आपटल्यासारखे न लागता थोडे दबावे, फिरावे, ही गरज उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर वास्तुविशारद एगोन आयरमान यांनी एसलिंगेनच्या विल्डे अँड श्पीथ या कंपनीसाठी वाकवलेल्या प्लायवुडच्या खुर्च्यांची मालिका केली. त्यांच्या नळ्यांच्या चौकटीवर फळी टाकून केलेले १९५३ सालचे टेबल आजही जर्मनीतल्या वास्तुविशारदांच्या आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांत दिसते. आयरमान यांच्या वस्तू सडसडीत आणि प्रामाणिक आहेत, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण बसण्याची त्यांची कल्पना जुनीच होती. माणूस टेबलाशी येतो, नीट बसतो, काम संपेपर्यंत तसाच राहतो. आपल्याकडे शाळेत ‘ताठ बस’ म्हणून पाठीत धपाटा घालणाऱ्या मास्तरांच्या मनातही हेच चित्र असते.

या चित्रावर पहिला प्रश्न उमटला तो डॅन्यूबकाठच्या उल्म शहराबाहेर, कुबेर्ग नावाच्या टेकडीवर.

ती टेकडी आणि तिच्यावरची शाळा यांची गोष्ट सांगितल्याशिवाय रोरिश्ट समजणार नाहीत. हिटलरविरोधी पत्रके वाटल्याबद्दल हान्स आणि सोफी शोल या भावंडांना २२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिचमध्ये ठार मारण्यात आले. त्यांची थोरली बहीण इंगे शोल हिने युद्धानंतर उल्ममध्ये प्रौढांसाठी शिक्षणकेंद्र सुरू केले. ग्राफिक डिझायनर ओट्ल आयशर पुढे तिचा जोडीदार झाला. त्याच्या आणि स्विस कलावंत माक्स बिल यांच्या साथीने तिने डिझाइनची स्वतंत्र उच्च शाळा उभारली. वर्ग सुरू झाले १९५३ मध्ये. बिल यांनी आखलेल्या करड्या काँक्रीटच्या इमारतीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले, आणि बाउहाउस या कलाशाळेचे संस्थापक वाल्टर ग्रोपिउस त्या प्रसंगी बोलले. उद्ध्वस्त, अपराधी देशाने रोजच्या वस्तूंपासून पुन्हा सभ्यपणे जगायला शिकावे, असा त्या शाळेचा गंभीर हेतू होता. चमचा, दिवा, रेडिओ, कपाट यांतून लोकशाही घडते, यावर त्या माणसांचा विश्वास होता.

त्या इमारतीत पैशांची चणचण होती, म्हणून बिल आणि तिथले शिक्षक हान्स गुगेलो यांनी १९५४ साली विद्यार्थ्यांसाठी एक आसन केले. लाकडाच्या तीन फळ्या आणि खाली आडवा गोल दांडा. सरळ ठेवले की स्टूल, उलटे केले की पुस्तके-कागद वाहून न्यायची टोपली, आडवे केले की बुटके आसन, एकावर एक रचले की कपाट. विद्यार्थी ते घेऊन वर्गात जात, तेच घेऊन जेवायला जात, त्याचेच व्यासपीठ करत. या शाळेत शिकलेल्या माणसाच्या मनात फर्निचरविषयी काय रुजले असेल, ते या तीन फळ्यांवरून कळते. वस्तू एकच असली तरी माणूस तिच्याशी दहा तऱ्हांनी वागतो, आणि ही दहा तऱ्हांची मोकळीक देणे हेच डिझायनरचे काम.

हान्स रोरिश्ट, ज्यांना सगळे निक म्हणत, ते १९५५ साली, म्हणजे इमारत उघडली त्याच वर्षी, या शाळेत दाखल झाले. वय बावीस-तेवीस. शाळेतले वातावरण तेव्हा झपाट्याने बदलत होते. कलावंताच्या प्रतिभेवर भिस्त ठेवणारे बिल १९५७ मध्ये बाहेर पडले. अर्जेंटिनाहून आलेले तोमास माल्दोनादो आणि त्यांचे सहकारी यांनी गणित, समाजशास्त्र, मानवी शरीराच्या मापांचा अभ्यास, उत्पादनाची तंत्रे असे विषय पुढे आणले. गुगेलो त्या काळात ब्राउन कंपनीसाठी डिझायनर डीटर राम्स यांच्याबरोबर रेडिओ-ग्रामोफोन करत होते, आणि १२५ मिलिमीटर या एका मापाच्या पटीत बांधलेली कपाटांची मालिकाही त्यांच्याच हातची. घर असो वा कचेरी, भिंत लांब असो वा आखूड, त्याच फळ्या, त्याच दारांतून हवी ती मांडणी व्हावी अशी ती रचना होती. सुटी वस्तू रेखाटण्यापेक्षा वस्तूंचे कुटुंब रचणे, हा उल्मचा खरा धडा.

रोरिश्ट यांनी तो धडा १९५९ साली आपल्या पदविकेच्या प्रकल्पात असा गिरवला की तो प्रकल्पच जगप्रसिद्ध झाला. विषय होता खानावळी आणि हॉटेलांसाठीची चिनीमातीची भांडी. टीसी १०० हे त्याचे नाव. कप, वाडगे, किटल्या, दुधाची भांडी यांच्या तोंडांचे व्यास त्यांनी मोजक्या मापांवर आणले. भिंती सरळ उभ्या ठेवल्या, तळाशी मात्र त्या तिरप्या आत घेतल्या. त्या तिरप्या भागामुळे कोणतेही भांडे आपल्या जातीच्या दुसऱ्या भांड्यात जेवणाच्या डब्यातल्या पुडासारखे नेमके बसते. कपांचे कानही असे की रचताना आड येत नाहीत. मोठ्या भोजनगृहात हजार माणसांचे कप धुऊन, पुसून, रचून ठेवणाऱ्या बाईला कमी जागा लागते, उतरंड कोसळत नाही, वाहून नेताना फुटत नाही. रोरिश्ट यांनी कप पिणाऱ्याच्या बाजूने पाहिला, आणि तेवढ्याच बारकाईने धुणाऱ्याच्या बाजूनेही पाहिला. रोझेनटाल समूहातल्या थोमास कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो उत्पादनात घेतला आणि पुढे कित्येक दशके इस्पितळांत, वसतिगृहांत, कॅन्टीनमध्ये तो वापरात राहिला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो आहे. सत्ताविशीतल्या विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामाला इतके दीर्घ आयुष्य क्वचितच लाभते.

या कपाचा कचेरीतल्या खुर्चीशी काय संबंध, असे वाटेल. संबंध अगदी सरळ आहे. दोन्ही ठिकाणी वस्तू एका सुंदर क्षणात पाहिलेली नाही, तिच्याशी होणाऱ्या दिवसभराच्या हालचालींत पाहिलेली आहे.

पुढची काही वर्षे रोरिश्ट बरेच फिरले. १९६२ मध्ये आयशर यांच्या गटाने लुफ्तान्सा या विमान कंपनीची संपूर्ण दृश्य ओळख नव्याने बांधली. तोमास गोन्दा आणि फ्रिट्स क्वेरेनगेसर यांच्यासह रोरिश्ट त्या गटात होते. मग अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात थोडा काळ अध्यापन केले, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस उल्ममध्येच स्वतःचे कार्यालय थाटले. शाळा मात्र १९६८ मध्ये बंद पडली. अंतर्गत वाद होते, राज्य सरकारचे अनुदान आटले होते, आणि अवघ्या पंधरा वर्षांत तो प्रयोग संपला. रोरिश्ट यांनी पुढे त्या शाळेचा कालक्रमानुसार मांडलेला मोठा दस्तऐवज जमवला, तो ‘उल्म सिनॉप्सिस’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. आपल्या शाळेचे ऋण इतक्या चिकाटीने फेडणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. १९७२च्या म्युनिच ऑलिंपिकची आसनव्यवस्थाही त्यांच्या कामांत मोडते. त्या खेळांचे सारे दृश्य रूप आयशर यांच्याकडे होते.

याच सुमारास जर्मन कचेरीच आतून बदलत होती, आणि हा बदल समजून घेण्यासारखा आहे. हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावी एबरहार्ट आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कचेरीच्या नियोजनाचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी कोणी कुठे बसायचे हे हुद्द्यावरून न ठरवता कागद कुणाकडून कुणाकडे जातो, फोन कुणाला येतो, बोलणे कुणाशी होते, यावरून ठरवायला सुरुवात केली. भिंती काढल्या. साहेबांच्या बंद खोल्या गेल्या. टेबले रांगेत न मांडता वाकड्यातिकड्या गटांत मांडली, मध्ये गालिचे, कुंड्या आणि हलते पडदे आले. ग्युटर्सलोहच्या बेर्टेल्समान प्रकाशनाच्या कचेरीत १९६०च्या सुमारास हा प्रयोग झाला आणि तिथून तो युरोपभर पसरला. अमेरिकेत त्याच काळात हर्मन मिलर कंपनीचे संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६४ साली ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ मांडले. जॉर्ज नेल्सन यांनी आखलेल्या त्या मालिकेत उभ्याने काम करायचे उंच टेबलही होते. पुढे तीच कल्पना स्वस्त होत होत कोंदट चौकोनी खुराड्यांत बदलली.

नव्या मोकळ्या कचेरीत माणूस सतत उठू-बसू लागला, वळू लागला, शेजाऱ्याकडे झुकू लागला. खुर्ची मात्र जुनीच होती. १९७०च्या दशकात कर्मचारी संघटनांनी आणि विमा संस्थांनी सुरक्षेचे प्रश्न लावून धरले. चार पायांची फिरती खुर्ची मागे रेलल्यावर उलटते, म्हणून जर्मन मानकांनी पाच पायांचा आग्रह धरला. आज मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही कचेरीत टेबलाखाली वाकून पाहिले तर दिसणारे पाच पाय त्या आग्रहातून आलेले आहेत.

अपघात टळला, पण पाठदुखी तशीच राहिली. तिच्या मागे लागलेला कारखाना म्हणजे विल्कहान. हॅनोव्हरजवळच्या डाइस्टर डोंगररांगेच्या पायथ्याशी बाड म्युंडर आहे, आणि त्याच्यालगतच्या आयम्बेकहाउझेन या खेड्यात हा कारखाना. जवळच्या जंगलात बीच लाकूड मुबलक, त्यामुळे त्या टापूत खुर्च्या करणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या होते. १९०७ साली फ्रीडरिश हाने आणि क्रिस्टियान विल्केनिंग या दोघांनी मिळून तो सुरू केला. युद्धानंतर पुढच्या पिढीतल्या फ्रिट्स हाने यांनी उल्मच्या माणसांशी संबंध जोडला आणि खेड्यातल्या खुर्ची-कारखान्याचे रूप पालटले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी कामगारांना नफ्यात वाटा दिला. १९८८ मध्ये शिवणकाम आणि गादीकामासाठी फ्राय ओट्टो यांच्याकडून तंबूसारखी लाकडी दालने बांधून घेतली. म्युनिचच्या ऑलिंपिक स्टेडियमवरच्या तंबूसारख्या छपराच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे ओट्टो. खुर्ची शिवणाऱ्या बाईला चांगला उजेड आणि उंच छत मिळावे, यासाठी जगप्रसिद्ध रचनाकार बोलावणारे मालक फार नसतात.

विल्कहानची पहिली मोठी झेप रोरिश्ट यांची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ती क्लाउस फ्रांक आणि वेर्नर साउअर या दोघांची. १९८० साली आलेल्या त्यांच्या खुर्चीचे नाव त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून एफएस. तोवरच्या खुर्चीत पाठ वेगळी, आसन वेगळे, आणि दोन्ही घट्ट करायला खाली मळसूत्रे आणि दांडे. लोक ती एकदा घट्ट करत आणि पुन्हा कधी हात लावत नसत. फ्रांक आणि साउअर यांनी आसन आणि पाठ यांचे एकच लवचीक कवच केले, योग्य जागी चिरा देऊन ते वाकते केले, आणि दोन्ही बाजूंच्या भुजांना असे सांधले की माणूस मागे रेलला की पाठ जास्त आणि आसन थोडे, पण दोन्ही एकाच वेळी, ठरावीक प्रमाणात हलतील. माणसाच्या वजनानेच खुर्ची त्याच्यामागे जाई. शर्ट वर सरकत नसे, पाठीचा आधार सुटत नसे. आज ज्याला सिंक्रो यंत्रणा म्हणून विक्रेते अभिमानाने सांगतात, तिच्या जडणघडणीत एफएसचा वाटा मोलाचा आहे. हलणे ही खुर्चीची खोड न राहता तिचा गुण झाला, तो इथे.

रोरिश्ट यांच्या कार्यालयाने विल्कहानसाठी काम करताना याच्या पुढचा प्रश्न विचारला. खुर्ची कितीही छान हलली तरी माणूस तिच्यातच बसून राहणार असेल, तर काय? कचेरीतला माणूस नकाशापाशी उभा राहतो, कपाटाच्या कडेवर टेकतो, दाराच्या चौकटीला खांदा लावून बोलतो, टेबलाच्या कोपऱ्यावर अर्धा बसतो. या सगळ्या अवस्थांना फर्निचर नाही. बसणे आणि उभे राहणे यांच्यामधला हा मोठा प्रदेश डिझायनरांनी मोकळाच सोडला होता. श्टिट्स त्या प्रदेशासाठी होती. जर्मन माणसाला ही कल्पना तशी परकीही नव्हती. कवी गटे वायमारच्या आपल्या बागेतल्या घरात उभ्या डेस्कपाशी लिहीत, आणि तिथे टेकायला घोड्याच्या खोगिरासारखे एक उंच लाकडी आसन होते. ते आजही पाहायला मिळते. पण गटे यांच्यासाठी जे एकट्याचे होते, ते कारखान्यात तयार होऊन हजारो कारकुनांपर्यंत जावे, हे उल्मच्या शिकवणीतच बसणारे होते.

श्टिट्स कमालीची साधी आहे. तिच्यात स्प्रिंगांचा गुंता नाही. बसणाऱ्याचे पाय हाच तिचा दुसरा, तिसरा आधार. त्यामुळे पोटऱ्या, मांड्या, कंबर यांचे स्नायू सतत थोडेथोडे काम करत राहतात. माणसाच्या नकळत त्याला हलते ठेवणारी ही रचना आहे, आणि ती नाटकीपणाने व्यायाम करायला लावत नाही.

यामागचे वैद्यकीय कारण समजून घेतले तर रोरिश्ट यांच्या कामाची किंमत वाढते. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये आल्फ नाकेमसन यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाच्या चकतीवरचा दाब १०० धरला तर आधाराशिवाय बसलेल्या माणसाचा सुमारे १४०, असा त्यांचा निष्कर्ष जगभरच्या खुर्ची-कारखान्यांनी भिंतीवर टांगला. त्यावरून ‘सरळ बसा, काटकोनात बसा’ असा उपदेश सुरू झाला. मग १९९९ साली उल्मच्याच विद्यापीठातल्या हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवला आणि सुमारे चोवीस तास त्याच्या उठण्या-बसण्याची, झोपण्याची, ओझे उचलण्याची नोंद केली. निकाल चकित करणारा होता. सैल उभे राहिल्यावर ०.५ मेगापास्कल, सैल बसल्यावर ०.४६. पाठ मुद्दाम ताठ करून बसल्यावर ०.५५, आणि बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. ताठ बसल्याने दाब उलट थोडा वाढलाच. एकाच माणसावरचा हा प्रयोग आहे, तेव्हा आकड्यांना त्या मर्यादेत वाचावे. पण विल्के यांचा मुद्दा आकड्यांच्या पुढचा होता. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दाब कमीजास्त झाला की द्रव आत-बाहेर होतो आणि तिचे पोषण होते. म्हणून एकच ‘योग्य’ बैठक शोधण्यापेक्षा बैठक बदलत राहणे महत्त्वाचे. श्टिट्स त्याआधी आठ वर्षे बाजारात होती.

दुसरे मोठे काम श्टिट्सनंतर लगेच पुढच्या वर्षी आले. १९९२ सालची पिक्टो ही कामाची फिरती खुर्ची रोरिश्ट यांच्या कार्यालयाने विल्कहानसाठी केली. १९८०च्या दशकाअखेरीस विल्कहानच्या संचालकांनी ठरवले होते की शंका असेल तिथे झटपट नफ्यापेक्षा पर्यावरणाचा विचार वरचढ ठरेल. हे वाक्य वार्षिक अहवालात छापणे सोपे असते; खुर्चीत उतरवणे अवघड. तोवरच्या आरामशीर खुर्चीत लाकूड, फोम, कापड, धातू, प्लास्टिक हे सगळे एकमेकांना चिकटवलेले असत. कापड फाटले, फोम बसला की अख्खी खुर्ची कचऱ्यात. पिक्टोत भाग चिकटवण्याऐवजी जोडले गेले. साहित्याचे प्रकार कमी ठेवले. प्लास्टिकच्या भागांवर ते कोणत्या प्रकारचे आहे याची खूण उमटवली, म्हणजे वीस वर्षांनी ती उघडणाऱ्या माणसाला कळावे. गादी झिजली तर ती बदलायची, खुर्ची नाही. आज ‘पुनर्वापर’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. १९९२ मध्ये खुर्ची सुटी कशी होईल यावर एवढा विचार करणारे फार थोडे होते. टीसी १०० च्या वेळी भांडी धुणारी बाई डोळ्यांसमोर होती, इथे खुर्ची मोडीत काढणारा कामगार.

रोरिश्ट यांच्या कारकिर्दीचा तिसरा भाग शिकवण्याचा. १९७३ ते २००२ अशी जवळपास तीस वर्षे ते बर्लिनच्या कला विद्यापीठात प्राध्यापक होते. उल्मला कार्यालय आणि बर्लिनला वर्ग, असा दुहेरी संसार. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी बुर्कहार्ट श्मित्स यांचे नाव कचेरीच्या फर्निचरच्या जगात आज सर्वांत मोठे आहे. श्मित्स, कारोला आणि रोलांड त्स्विक, क्लाउडिया प्लिकाट आणि निकोलाय नोयबेर्ट यांनी १९९२ मध्ये बर्लिनला ‘श्टुडिओ ७.५’ काढला. नावामागची कल्पना त्या गटाच्या स्वभावाला शोभणारी आहे. जर्मनीत तेव्हा साध्या परवान्यावर साडेसात टनांचा ट्रक चालवता येत असे, आणि असा ट्रक हीच आपली फिरती कार्यशाळा असावी, असा त्यांचा विचार होता.

या गटाने अमेरिकेच्या हर्मन मिलरसाठी एकामागून एक खुर्च्या केल्या. २००३ ची मिर्रा, तिची पाठ शरीराच्या वळणाप्रमाणे वाकणारे छिद्रांचे एकसंध प्लास्टिक. सुटी करून वजनाच्या ९६ टक्क्यांपर्यंत पुन्हा वापरता येईल अशी ती आखली होती. २००९ च्या सेटूत तर खालची यंत्रणाच काढून टाकली. दोन प्रकारच्या प्लास्टिकचा, बरगड्यांसारखा वाकणारा कणा हीच यंत्रणा. सभेसाठी आलेला माणूस दोन मिनिटे बसतो आणि जातो, तो खटके फिरवत बसणार नाही, हे त्यांनी ओळखले. २०१८ च्या कॉस्ममध्ये बसणाऱ्याचे वजन स्वतःच ताण ठरवते. पन्नास किलोची व्यक्ती आणि शंभर किलोची व्यक्ती, दोघांनाही काही न फिरवता सारख्याच सहजतेने रेलता येते. कारागिरी यांची स्वतंत्र आहे, पण वापरणाऱ्याच्या हालचालींपासून सुरुवात करायची ही रीत उल्मची आणि रोरिश्ट यांची आहे.

उल्मच्या त्या टेकडीचा धागा भारतात, आणि महाराष्ट्रातही, पोहोचला, आणि तो वरवरचा नाही. हान्स गुगेलो १९६५ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवायला आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे अकाली निधन झाले. आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६०च्या दशकात उल्मला शिकून परतले. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या उभारणीत त्यांचा वाटा पायाचा होता. वापरणाऱ्याचे निरीक्षण आधी, रेखाटन नंतर, ही उल्मची रीत तिथून बाहेर पडलेल्या कित्येक मराठी विद्यार्थ्यांनी आपल्या कामात आणली. रोरिश्ट आणि नाडकर्णी एकाच टेकडीवरून उतरले, एक बर्लिनकडे, दुसरा पवईकडे.

रोरिश्ट यांच्या वाट्याला आयशर किंवा राम्स यांच्याइतकी प्रसिद्धी आली नाही. एकच ठसा, एकच ओळखीची रेषा त्यांच्या कामात सापडत नाही, आणि संग्रहालयांना तीच हवी असते. कप, विमान कंपनीची ओळख, स्टेडियमची आसने, टेकण्याचे आसन, सुटी होणारी खुर्ची; शेजारी मांडली तर एकाच हातची वाटणार नाहीत. ही त्यांची उणीव मानणारे समीक्षक चुकतात. प्रत्येक ठिकाणी गरज वेगळी होती, म्हणून रूप वेगळे झाले. आपली सही प्रत्येक वस्तूवर उमटवण्याचा मोह टाळणे हे मोठ्या डिझायनरलाच जमते.

श्टिट्सने मात्र कचेऱ्या बदलल्या, असे म्हणता येणार नाही. ती अनेक देशांत विकली गेली, तिच्यावरून दुसऱ्या कंपन्यांनी डुलती स्टुले काढली, उंची बदलणारी टेबले आल्यावर तिला पुन्हा मागणी आली. पण बहुतेक ठिकाणी ती कोपऱ्यात उभी राहिली आणि माणसे दिवसभर खुर्चीतच राहिली. यात वस्तूचा दोष नाही. उठून चार पावले टाकणारा कर्मचारी कामचुकार वाटतो, आणि खुर्चीची उंच पाठ हुद्द्याची निशाणी मानली जाते, तोवर कुठल्याही डिझायनरला हे एकट्याने जमणार नाही. ते काम कचेरी चालवणाऱ्यांचे आहे.

महाराष्ट्रात रोज नव्या कचेऱ्या उभ्या राहत आहेत, शाळा-महाविद्यालयांत संगणकाच्या खोल्या होत आहेत, घराच्या जेवणाच्या टेबलावर दहा-दहा तास काम चालते आहे. खुर्च्या निवडण्याच्या समितीत तुम्ही असाल, तर छायाचित्र आणि किमतीचा तक्ता बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. मागे रेलल्यावर आसन आणि पाठ एकत्र हलतात का. गादी किंवा एखादा भाग खराब झाला तर तेवढाच काढून बदलता येतो का. आणि त्या खोलीत उभ्याने किंवा टेकून काम करायला निदान एक जागा ठेवली आहे का. विक्रेत्याला या तिन्हींचे उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.